देवीच्या कोर्टातली कौसाकाकू

सुधाकरभाऊंची स्कूटर चोरीला गेली आणि सुधाकरभाऊंची मिशी गेली, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्या गल्लीत कोणाला वाटलं नाही. स्कूटर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कौसाकाकू त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"भाऊ, काळजी नका करू. मी केस लावून आली. गाडी सापडली का तुम्ही मिशी काढसान, असं बोलली मी देवीले."

सुधाकरभाऊंचा हात आपोआप मिशीवर गेला. "माझी मिशी?"

"मंग काय माही काढू?"

स्कूटर सापडली. कोणीतरी तिला रेल्वे फाटकाजवळ सोडून गेलं होतं. पण सुधाकरभाऊ मिशीला हात लावू देईनात. मग सुरू झाला तमाशा. रोज सकाळी भाऊ स्कूटरला किका मारायचे, स्कूटर खोकायची आणि बंद पडायची. गल्लीतल्या बाया ओट्यांवर बसून बघायच्या. काकू आपल्या दारात गहू निवडत शांतपणे म्हणायच्या, "अवमान होऊन राहिला कोर्टाचा." शेवटी भाऊंनी हार मानली. न्हाव्याकडून सफाचट तोंड घेऊन आले आणि पहिल्या किकेला गाडी सुरू झाली. मधल्या काळात त्यांनी प्लगही बदलला होता, पण तो मुद्दा आमच्याकडे कोणी धरत नाही.

नवस सगळेच बोलतात. आपल्यासाठी बोलतात आणि आपणच फेडतात. कौसाकाकू नवस बोलतात दुसऱ्यासाठी, आणि तो फेडायचा त्या दुसऱ्यानं. त्याला आधी विचारायची पद्धत नाही. एखाद्या दिवशी आपलं काम होतं, आपण खुशीत असतो, आणि काकू येऊन सांगतात की आता तुम्ही अमुक करायचं, कारण तसं देवीशी ठरलेलं आहे.

काकूंचं पूर्ण नाव कौसल्या गुलाबराव निखाडे. पूर्ण नावाला पुढे महत्त्व आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. गुलाबरावकाका अर्जनवीस होते. म्हणजे कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. त्यांचं टेबल पुतण्यानं नेलं, टाइपरायटर गंजून भंगारात गेला, आणि कोर्टाची सगळी भाषा मात्र काकूंकडे राहिली. काकूंच्या तोंडी नवस हा शब्द क्वचित येतो. त्या केस लावतात. देवी फाइल पाहते. काम लांबलं तर तारीख पडलेली असते, आणि झालं तर निकाल लागतो.

"आपल्यासाठी मागते तो भिकारी," त्या सांगायच्या. "दुसऱ्यासाठी मागते तो वकील. मी वकील हाये."

या वकिलीची फी नाही. एवढंच काय, काकू ज्याची केस लावतील त्याच्या घरी चहासुद्धा घेत नसत. "पार्टीच्या घरचं खाल्लं का वकील बदनाम होते," हे त्यांचं तत्त्व. आता गल्लीत ज्याची केस लावली नाही असं एकही घर नव्हतं, त्यामुळे काकू कुठेच जेवत नसत. संध्याकाळी त्यांच्या खोलीतून एकच भाकरी थापटण्याचा आवाज यायचा.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे वाक्य मी संधी मिळेल तिथं सांगते आणि मला त्याची लाज वाटत नाही. बाबा बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. आईला सही करता येते, तीसुद्धा ती रांगोळी काढल्यासारखी काढते. मी बारावीला असताना काकूंनी आमच्या घराची पहिली केस लावली. पोरगी पास झाली तर तिचा बाप तिची पदवी होईपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणार नाही.

बाबांचं खर्ऱ्याशी काय नातं होतं ते सांगून खरं वाटणार नाही. झोपेतसुद्धा त्यांचा अंगठा तळहातावर फिरायचा. मी पास झाले आणि बाबा आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. पण सोडला. मी कॉलेजात असताना दरवर्षी निकालाच्या दिवशी ते माझ्याआधी उठून बसायचे. मी नापास झाले तर त्यांची मुदत वाढणार होती, त्यामुळे माझ्या अभ्यासावर त्यांच्याइतकं लक्ष जगात कोणाचं नसेल. बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी ते सुटले. मोठ्या ऐटीत पानठेल्यावर गेले आणि जरा वेळानं केळी घेऊन परत आले. म्हणाले, "तोंडात धरवतच नाही आता." काकूंनी एका अर्जात माझी पदवी आणि बाबांचे दात, दोन्ही सोडवले.

आता मोठ्या मंदिराबद्दल. शहराबाहेर, हायवेवरूनच त्याचं शिखर दिसतं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं टिनाच्या छपराखाली देवी होती आणि बाजूला संत्र्याचं झाड. आता गुलाबी दगडाचा सभामंडप आहे, कोरलेले खांब आहेत, रामायणाचे देखावे मांडलेलं भलंमोठं दालन आहे, हिरवळ आहे, संध्याकाळी गाण्यावर नाचणारं कारंजं आहे. म्हाताऱ्या माणसांना आत न्यायला बॅटरीची गाडी आहे. "देवी तीच," काकू म्हणतात, "बंगला नवा बांधला." गल्लीत नवी सून आली, कोणाकडे पाहुणा आला, की त्याला मोठं मंदिर दाखवायचं काम काकूंचं. देखाव्यांच्या दालनात त्या पुढे आणि पाहुणा मागे. डावीकडून जन्म, मग स्वयंवर, मग वनवास, मग लंका पेटलेली. प्रत्येक देखाव्यापुढे काय बोलायचं ते त्यांचं ठरलेलं. देखाव्यात नसलेल्या गोष्टीही त्या सांगायच्या. कैकेयीच्या माहेरची बाजू काकूंइतकी कोणी मांडली नसेल. "तिचंही म्हणणं ऐका लागते नं," त्या म्हणायच्या. "एकतर्फी निकाल नाही लावा लागत."

एकच केस काकूंनी कधी लावली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांची. माझ्या शेवटच्या वर्षाला आमच्या समाजभवनात डोळे तपासायचं शिबिर झालं. डॉक्टरांनी काकूंना सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन लवकर करून घ्या, उशीर केला तर हातचं जाईल. रामदासपेठेतल्या दवाखान्याची चिठ्ठीही दिली. काकू म्हणाल्या, "पाहू. तारीख पडू द्या." आई दर चार दिवसांनी आठवण करायची, काकू दर चार दिवसांनी तारीख पडली नाही म्हणायच्या. आम्हाला तो त्यांचा नेहमीचा विनोद वाटायचा. त्यांना नक्की किती दिसतं, हे त्या कोणाला कळू देत नव्हत्या.

तर माझा निकाल लागला. बाबा केळी घेऊन आले, आणि त्यांच्या मागोमाग काकू आल्या.

"निकाल लागला नं? मंग आता तुही फेड सुरू."

"माझी? ती तर बाबांची होती ना."

"ती बारावीची. ग्रॅज्युएटची अलग लावली होती. पोट्टी ग्रॅज्युएट झाली का मोठ्या मंदिरातल्या समद्या पाट्या गल्लीतल्या बायांले मोठ्यानं वाचून दाखवन. एकही सोडणार नाही."

"काकू, तिथं पाट्या किती आहेत माहीत आहे का?"

"मले काय मालूम? मले कुठी वाचता येते?"

अर्जनवीसाच्या बायकोला वाचता येत नव्हतं, हे खरं. काका शिकवतो म्हणायचे. काकू म्हणायच्या, घरात एक जण लिहिते तेवढं पुरे.

रविवारी भाड्याची गाडी केली. आई, सुधाकरभाऊंची बायको नंदावहिनी, गल्लीतल्या आणखी काही जणी, मी आणि काकू. मला वाटलं होतं, देखाव्यांखालच्या पाट्या वाचायच्या. पण गाडीतून उतरले आणि काकूंनी खांद्यावर थाप मारली. "सुरू कर."

समोर पाटी होती. मी वाचली. "वाहने येथे लावू नयेत."

"जोरात. मागच्यायले ऐकू नाही आलं."

मी जोरात वाचलं. आमच्या ड्रायव्हरनं घाबरून गाडी मागं घेतली. मग "चपला येथे ठेवाव्यात." मग "खिसेकापूंपासून सावध राहा." नंदावहिनींनी पर्स छातीशी धरली आणि एका निरुपद्रवी आजोबांकडे रागानं पाहिलं. मग "स्त्रियांसाठी" आणि "पुरुषांसाठी." तिथं मी आवाज खाली आणला, तर काकू म्हणाल्या, "समद्या म्हणजे समद्या." सभामंडपात पोहोचेपर्यंत आमच्या मागं ओळखीपाळखी नसलेलं एक अख्खं कुटुंब चालायला लागलं होतं. त्यातल्या गृहस्थांनी मला विचारलं, "मॅडम, कारंज्याचा शो कधी?" मी म्हटलं, मी इथली नाही. ते म्हणाले, "मग वाचून कशाला राहिल्या?" त्यांना काय सांगणार?

आई मात्र पाट्यांकडे बघतच नव्हती. मी वाचायला लागले की ती आजूबाजूच्या लोकांची तोंडं बघायची. ऐकताहेत ना, हे बघायची. हिरवळीपाशी मी वाचलं, "हिरवळीवर बसू नये." आई म्हणाली, "परत वाच वं." मी परत वाचलं. एवढी सुंदर पाटी जगात दुसरी नसेल, अशी ती ऐकत होती. मला पुढे पदवीदानाच्या दिवशी काळा झगा घालूनही जे वाटलं नाही ते तिथं हिरवळीपाशी वाटलं. आणि हे कोणी घडवून आणलं, तर ज्या बाईला 'हिरवळ' हा शब्द कुठं सुरू होतो नि कुठं संपतो ते ठाऊक नव्हतं तिनं.

मग आम्ही देखाव्यांच्या दालनात शिरलो. इथं काकूंचं राज्य. त्या पुढं झाल्या, भिंतीकडे हात केला आणि सुरू झाल्या.

"हे पाहा. रामराया धनुष्य उचलून राहिले. सीतामाय तिकडून चोरून पाहून राहिली. समदे राजे तोंड पाडून बसले हायेत."

मी वाचायला तोंड उघडलं आणि थांबले. दालनात दुरुस्तीचं काम काढलेलं होतं. देखावे इकडचे तिकडे हलवले होते. काकूंचा हात होता त्या ठिकाणी पाण्याचं स्टीलचं मशीन उभं होतं, आणि त्यावर पाटी होती.

"काहून थांबली? वाच."

समद्या म्हणजे समद्या. मी वाचलं. "पिण्याचे पाणी. कृपया ग्लास जागेवर ठेवावा."

मग नंदावहिनींना हसू फुटलं. "काकू, रामराया पाणी प्यायले गेले वाटते!"

काकूही हसल्या. "मंग? एवढं धनुष्य उचललं, तहान नाही लागन?"

सगळ्या जणी हसल्या. काकू आज रंगात आहेत, असं सगळ्यांना वाटलं. काकू पुढं चालल्या. जरा जपून, भिंतीला बोटं लावत. कोपऱ्यात लाल नळकांडं टांगलेलं होतं.

"ही लंका. पेटली पाहा कशी लालभडक."

"अग्निशामक यंत्र," मी वाचलं. आता माझा आवाज खाली गेला होता, पण जोरात वाच म्हणून काकूंनी टोकलं नाही. नंदावहिनी पोट धरून हसत होत्या. पुढं स्टुलावर पहारेकरी डुलक्या काढत बसला होता. काकू म्हणाल्या, "अन् हा कुंभकर्ण." पहारेकरी खडबडून उठला. "झोपलो नव्हतो, डोळे मिटून बसलो होतो!" त्यावर तर पाठीमागचं ते परकं कुटुंबही हसायला लागलं.

दालनाच्या शेवटी पूर्वी सीतामाईची उभी मूर्ती होती. प्रत्येक फेरीत काकू तिला हात जोडून मगच बाहेर पडत. आता तिथं काचेचं मोठं दार बसवलं होतं. दाराच्या काचेत लाल लुगड्यातली, डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी बाई अंधूक दिसत होती. काकू तिच्यासमोर थांबल्या. चपला नव्हत्याच पायात, तरी सवयीनं पाय झटकले. मग पदर सारखा करून त्या बाईला हात जोडले. त्या बाईनंही काकूंना हात जोडले.

या वेळी कोणी हसलं नाही. नंदावहिनींच्या तोंडातलं हसू तसंच अडकून राहिलं. आई पुढं झाली, काकूंचा दंड धरला, आणि दार उघडून त्यांना बाहेर घेऊन गेली. "पायऱ्या हायेत, काकू," ती म्हणाली. बस, एवढंच.

बाकीच्या जणी कारंज्याची जागा धरायला गेल्या. मी आणि काकू चपला परत घेऊन पायऱ्यांवर बसलो. ऊन उतरलं होतं, दगड अजून गरम होता.

"काकू, किती दिसतं?"

"लय दिसते. तू दिसून राहिली नं."

"माझ्या कुर्त्याचा रंग सांगा बरं."

काकूंनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ग्रॅज्युएट झाली म्हणून माही परीक्षा घेतं काय वं?"

मी मग मला येत होतं तेवढं सगळं सांगितलं. साधं ऑपरेशन असतं, टाके नसतात, त्याच दिवशी घरी पाठवतात. डॉक्टर काय म्हणाले होते त्याची आठवण करून दिली. "हातचं जाईल म्हणाले होते, काकू. मग देवीसुद्धा दिसणार नाही. भीती वाटते का?"

"भीती कायची? काकाच्या बिमारीच्या टायमाले मेडिकलचं आख्खं हॉस्पिटल पालथं घातलं मी."

"मग काहून नाही करत?"

काकू पायरीवरची धूळ बोटानं गोळा करत राहिल्या. "केस कोण लावली?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण बोललं माह्यासाठी? केस लागल्याबिगर तारीख कशी पडन?"

"तुम्ही लावा ना. रोज कोणाची ना कोणाची लावता."

"सोताची नाही लावा लागत." काकूंनी मान हलवली. "तुह्या काकानं जिंदगीभर लोकांचे अर्ज लिहिले. सोताचा एक नाही लिहिला. त्यायच्या वावराची भानगड झाली, तवा बाजूच्या टेबलावरच्या शुक्लाजीकडून लिहून घेतला. मी म्हटलं, काहून जी, तुमाले येत नाही काय? तर म्हणे, आपलं दुःख आपण लिहाले बसलं का कागद पुरत नाही, अन् मुद्दा राहून जाते."

"मग काका असताना?"

"मी त्यायच्यासाठी बोलत होती, ते माह्यासाठी. मले टायफाइड झाला, तर ते बोलून आले, बरी झाली का सालभर चाय नाही पिणार." काकू हसल्या. "सालभर चायबिगर राहिली मी. डोस्कं उठे. ते समोर बसून फुर्रफुर्र पेत. म्हणे, अर्ज तुह्या नावाचा हाये, मी काहून सोडू?"

"आणि आता?"

"आता कोण बोलते?"

तक्रारीचा सूर नव्हता. शेवटची सिटी बस गेली काय, असं कोणी विचारल्यावर सांगावं तसं त्यांनी सांगितलं. गल्लीतल्या प्रत्येक घराची केस या बाईनं लावली होती. घरं भाड्यानं मिळाली, पोरं पास झाली, स्कूटर परत आली, खर्रा सुटला. आम्ही सगळे देवीला नारळ फोडायचो. काकूंसाठी तिच्यापुढं कोणीतरी तोंड उघडावं, ही गोष्ट त्यांच्या कायद्यात इतकी साधी होती, आणि त्या ती कोणाला सांगू शकत नव्हत्या. सांगितली असती तर ते मागणं झालं असतं.

मी चपला पायरीवरच सोडून उठले. "इथंच बसा. हलू नका."

"कुठी चालली? कारंजं सुरू होते आता!"

मी परत रांगेत लागले. आरतीआधीची गर्दी होती. समोर पोहोचले तेव्हा मला काही सुचेना, कारण मी कधी दुसऱ्यासाठी काही बोलले नव्हते. मग सुचलं, आणि एकदा सुचल्यावर मजाच वाटली. परत आले तेव्हा काकू तशाच बसल्या होत्या, माझ्या चपला मांडीशी धरून. चपला कोणाच्या तरी वेगळ्याच होत्या.

"केस लावली," मी म्हटलं.

"कोणाची?"

"तुमची. डोळे बरे झाले की कौसाकाकू वाचायला शिकतील आणि या मंदिरातल्या समद्या पाट्या गल्लीतल्या बायांले मोठ्यानं वाचून दाखवतील. एकही सोडणार नाहीत."

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. "म्हातारपणी शाळेत घालतं काय मले? वापस घे! जा, वापस घेऊन ये!"

"अर्ज दिला म्हणजे दिला. कायदा तुमचाच आहे."

"भल्ली नालायक पोट्टी हायेस तू. तुह्यासाठी मी काय काय बोलली, अन् तू माह्यासाठी हे बोलली!" बराच वेळ त्या बडबडत राहिल्या. मग आवाज खाली आला. "नाव बराबर सांगतलं काय? पूर्ण नाव सांगा लागते. नाहीतर फाइल भलतीकडे जाते."

"कौसल्या गुलाबराव निखाडे."

"हाव," काकू म्हणाल्या. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. "मंग पडन तारीख."

ही बातमी मी गल्लीत सांगितली, आणि मग जे झालं ते आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. सुधाकरभाऊ दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून मंदिरात जाऊन आले. काकूंचे डोळे बरे झाले तर काकू त्यांच्या स्कूटरवर मागं बसून गल्लीला फेरी मारतील. काकू दोन चाकांना यमदूत समजतात. भाऊंनी मिशीचा हिशेब असा चुकता केला. नंदावहिनी बोलल्या, काकू कारंज्याचा शो बसून पुरा पाहतील, मधे उठून कोणाला ओरडणार नाहीत. बाबा बोलले की काकू महिनाभर कोणाचीच केस लावणार नाहीत. ते जरा अतीच झालं. आणि माझी आई, जी कोणाच्या अध्यात-मध्यात नसते, ती एकटीच जाऊन बोलून आली. डोळे बरे झाले की वर्षभर कौसाकाकू रात्रीचं आमच्याकडे जेवतील.

"पार्टीच्या घरी?" काकू किंचाळल्या.

"आता पार्टी तुम्ही हायेत," आई म्हणाली. "वकील मी."

रामदासपेठेत ऑपरेशन झालं. नर्सनं विचारलं, पेशंटसोबत कोण? आम्ही सगळेच उभे राहिलो. ती म्हणाली, एकच नातेवाईक हवा. त्यावरून आमच्यात भांडण लागलं आणि तिनं सगळ्यांनाच बाहेर काढलं. पट्टी निघाली तेव्हा काकूंनी एकेकाकडे निरखून पाहिलं. बाबांना म्हणाल्या, "तुमचे केस कवा पिकले गा?" मग सुधाकरभाऊंवर नजर थांबली.

"भाऊ, मिशी परत वाढवली वाटते."

"केव्हाच, काकू."

"देवीले सांगितलं होतं काय?"

त्यानंतरचं वर्ष काकूंनी फेडण्यात घालवलं. स्कूटरवर बसल्या त्या दिवशी त्यांचं ओरडणं पार चौकापर्यंत ऐकू गेलं. रात्री आमच्याकडे जेवायला यायच्या त्या तोंड वाकडं करून, आणि आईच्या वरणात काय कमी आहे ते सांगत दोनदा वरण घ्यायच्या. बाबांच्या नवसाचा तो महिना सगळ्यात अवघड गेला. काकू तोंडाला पदर लावून गल्लीत फिरायच्या. भेटेल त्याला सांगायच्या, "पाहा कशी फसवली मले. एवढ्या केसा कोणावर लागल्या नसन." असं सांगताना त्या बोटांवर एकेक केस मोजायच्या, आणि मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायच्या.

मी आता बुटीबोरीला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते. संध्याकाळी आले की काकू जेवणाआधी पाटी घेऊन बसायच्या. अक्षरांकडे त्या आरोपीकडे बघावं तसं बघायच्या. 'क'वर त्यांचा विश्वास बसला, कारण तो त्यांच्या नावात होता. जोडाक्षरांवर कधीच बसला नाही. "हे दोघं मिळून काहीतरी लपवून राहिले," म्हणायच्या.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. तीच गाडी, त्याच बाया. काकू उतरल्या आणि पाटीपुढं उभ्या राहिल्या. "वा-ह-ने. ये-थे. ला-वू." मग मोठा श्वास. "न-ये-त." मागं गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. काकू मागं वळून म्हणाल्या, "वाचता येत नाही काय? लावू नयेत!" आणि पुढच्या पाटीकडे निघाल्या. दालनात लाल नळकांड्यापाशी बराच वेळ लागला, कारण जोडाक्षर होतं. अखेर लागलं. "अ-ग्नि-शा-म-क. म्हणजे काय वं?"

"आग विझवायचं यंत्र."

"म्हणजे मी लय नव्हती चुकली. मामला आगीचाच होता."

शेवटी देवीपुढं गेलो. काकूंची एरवीची पद्धत मला माहीत आहे. जायचं, नाव सांगायचं, काम सांगायचं, बदल्यात कोण काय करेल ते सांगायचं, आणि निघायचं. त्यांच्याइतकं झटपट दर्शन कोणी घेत नाही. त्या दिवशी मात्र काकू उभ्याच राहिल्या. हात जोडलेले, ओठ बंद. रांग मागून रेटत होती. सेवेकरी म्हणाला, "माताजी, आगे चलिए." काकू हलल्या नाहीत. मी त्यांच्या कानाशी गेले.

"काकू, कोणाची केस आहे एवढी मोठी?"

"केस नाही वं," काकू म्हणाल्या. नजर समोरच होती. "पाहून राहिली नुसती. नथ बदलली हिनं. कवा बदलली, मले मालूमच नाही."